फसलो, आणि गप्प बसलो

"अभिनंदन! तुमची निवड झाली आहे."

मित्रांनो, इंजिनिअरिंगच्या पोराला या वाक्याइतकं गोड जगात दुसरं काही नाही. वर्ध्याचा गोरसपाकसुद्धा नाही!

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. रात्रीचे अकरा वाजले होते. मेसमधून जेवून येऊन मी सबमिशनची फाईल लिहीत बसलो होतो (खोटं कशाला बोलू, मित्राच्या फाईलवरून उतरवत होतो). तेवढ्यात मोबाईल वाजला. मेल होता. एका मोठ्या कंपनीचं नाव, तिचा लोगो, खाली एचआर मॅडमची सही आणि सोबत दोन पानांचं ऑफर लेटर, गोल शिक्क्यासकट. सहा महिन्यांची इंटर्नशिप, महिन्याला अठरा हजार स्टायपेंड, काम रूमवर बसून. महिनाभरापूर्वी मी पंधरा-वीस ठिकाणी अर्ज टाकले होते. त्यामुळे यांना माझा पत्ता कुठून मिळाला, हा प्रश्नच मला पडला नाही.

कंपनी लॅपटॉप कुरिअरने पाठवणार होती. त्याचं डिपॉझिट २,५०० रुपये, 'पूर्णपणे रिफंडेबल'. रात्री बाराच्या आत भरले नाहीत तर जागा वेटिंग लिस्टमधल्या दुसऱ्याला जाणार. मी भरले. दुसऱ्या दिवशी व्हेरिफिकेशनचे ३,२००. मग लॅपटॉपच्या इन्शुरन्सचे ४,०००. शेवटी मला शंका आली आणि मी रिफंड मागितला, तर मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "रिफंडची फाईल ओपन करायला तेवढीच रक्कम एकदा भरावी लागते, सर. दोन्ही एकत्रच परत येतील." मी आणखी ४,००० भरले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला 'सर' म्हणालं होतं!

एकूण १३,७०० रुपये. बाबांनी सोयाबीन विकून होस्टेल आणि मेसच्या फीसाठी पाठवलेले. त्यानंतर मॅडमचा फोन बंद. मेलला उत्तर नाही.

पण मला आज लिहायचंय ते या १३,७०० रुपयांबद्दल नाही. त्यानंतरच्या चार दिवसांबद्दल आहे. कारण त्या चार दिवसांत मी कुणालाही काहीही सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? याचं उत्तर द्यायला थोडं मागे जावं लागेल. मी फर्स्ट इयरला असताना आमच्या होस्टेलच्या वॉचमन काकांना एक मेसेज आला होता. 'आज रात्री साडेनऊ वाजता तुमचा वीजपुरवठा खंडित करण्यात येईल, ताबडतोब या नंबरवर संपर्क साधा.' हा मेसेज २०२२ साली राज्यभर फिरत होता, आणि असे मेसेज आमचे नाहीत हे महावितरणला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं होतं. काकांच्या गावापर्यंत ते सांगणं काही पोहोचलं नव्हतं. काकांनी नंबर फिरवला, समोरच्याने सांगितलं ते ॲप मोबाईलमध्ये टाकलं आणि सहा हजार रुपये गेले. काकांनी ते बिचाऱ्यांनी सगळ्यांना सांगितलं. आणि आम्ही काय केलं? हसलो. पुढचे दोन महिने होस्टेलची लाईट गेली की कुणीतरी ओरडायचं, "काका, बिल नाही भरलं का बे?" आणि अख्खा मजला खिदळायचा. त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

आता मी कुठल्या तोंडाने सांगणार? काका तर दहावी शिकलेले. मी कॉम्प्युटर ब्रँचचा, नेटवर्क सिक्युरिटी विषयात ७१ मार्क मिळवलेला भावी इंजिनिअर!

चौथ्या दिवशी रात्री मी जेवायला गेलो नाही, तेव्हा काकाच वर आले. "काहून रे बापू, जेवाले नाही येत? बिमार हायेस का?" मी आधी नाही नाही म्हटलं आणि मग सगळं सांगून टाकलं. काका हसले नाहीत. म्हणाले, "माह्ये गेले तवा मले बी असंच झालतं. तू आंदी त्या १९३० वर फोन लाव."

लावला. पोर्टलवर तक्रारही नोंदवली. दुसऱ्या दिवशी वर्ध्याला सायबर पोलिसांकडे गेलो. तिथल्या साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "चार दिवस काय करत होतास?" पैसा केव्हाच चार-पाच खात्यांमधून पुढे निघून गेला होता. त्यातले तेराशे रुपये एका खात्यात अडकलेले सापडले. बाकी गंगेला मिळाले!

साहेबांनी समजावून सांगितलं ते असं. आपण १९३० वर फोन केला की तक्रार त्या त्या बँकेकडे जाते. आपला पैसा त्या क्षणी ज्या खात्यात पोहोचला असेल, तिथेच तो रोखून धरता येतो. पण चोरही बसून राहत नाही. पहिल्या खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, आणि मग कुठल्यातरी एटीएममधून रोख किंवा क्रिप्टो. म्हणजे शर्यत आहे. आणि त्या शर्यतीत मी चार दिवस लाजत बसलो होतो. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण मी पाचवीत पाठ केली होती, अर्थ फायनल इयरला कळला.

म्हणून माझं स्पष्ट मत असं आहे : ऑनलाईन चोराचं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे आपली लाज. आणि ते हत्यार त्याच्या हातात आपणच देतो, दुसऱ्याला हसून.

'फसतात ते अडाणी' हा समज आपल्या डोक्यातून आधी काढून टाकला पाहिजे. सप्टेंबर २०२२ मधलं पुण्याचं उदाहरण घ्या. सीरम इन्स्टिट्यूट, म्हणजे जगाला लसी पुरवणारी कंपनी. तिथल्या एका संचालकांना व्हॉट्सॲपवर मेसेज आला. मेसेज पाठवणारा स्वतःला अदर पूनावाला म्हणवत होता. अमुक अमुक खात्यांत ताबडतोब पैसे पाठवा, असा आदेश. साहेबांचा आदेश म्हटल्यावर कंपनीतून पैसे गेले. किती? १ कोटी १ लाखाहून जास्त! साहेबांनी असा मेसेज पाठवलाच नव्हता, हे नंतर कळलं. तिथे शिकलेली माणसं नव्हती का? होती. पण साहेबांना उलट फोन करून "सर, हे तुम्हीच पाठवलंत का?" असं विचारायची आपल्याकडे रीत नाही. चोराने संगणक फोडला नाही, आपली अदब वापरली.

त्याआधीचं उदाहरण पुण्याचंच, २००५ सालचं. एका कॉल सेंटरमधल्या काही कर्मचाऱ्यांनी सिटी बँकेच्या अमेरिकन ग्राहकांशी गोड बोलून त्यांचे पिन काढून घेतले आणि सुमारे दीड कोटी रुपये पुण्यात खोट्या नावांनी उघडलेल्या खात्यांत वळवले. तिथेही कुलूप कुणी तोडलं नव्हतं. किल्ली मागून घेतली होती. आणि ते ग्राहक काही खेड्यातले नव्हते, अमेरिकेतले होते.

'फिशिंग' हा शब्दच बघा ना. इंग्रजीत स्पेलिंग वेगळं, पण अर्थ मासेमारीचाच. गळ टाकायचा, आमिष लावायचं आणि वाट पाहायची. हजार लोकांना मेल पाठवला आणि त्यातला एक अडकला तरी धंदा झाला. माशाला आमिष दिसतं, गळ दिसत नाही. मासा मूर्ख असतो म्हणून नाही, भुकेला असतो म्हणून. मला नोकरीची भूक होती. दुसऱ्या कुणाला आणखी कशाची असेल.

मी नंतर बसून विचार केला, तेव्हा लक्षात आलं की या सगळ्या प्रकारांत आपल्या चारच गोष्टी वापरल्या जातात. पहिली भीती : वीज कापू, खातं बंद होईल, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत. दुसरा लोभ : दिवसाला दोन तास व्हिडिओ लाईक करा आणि हजार रुपये कमवा, शेअर बाजाराची 'पक्की' टिप घ्या. तिसरा आदर : साहेबांचा, सरांचा, पोलिसांचा. चौथी आशा : नोकरी, स्कॉलरशिप, कर्ज. आणि या चारही गोष्टींना फोडणी एकाच मसाल्याची, ती म्हणजे घाई. रात्री बाराच्या आत, आत्ता, ताबडतोब, कुणाला न सांगता. माझ्या मते हीच एक खूण कायम लक्षात ठेवायला हवी. जो तुम्हाला विचार करायला वेळ देत नाही आणि दुसऱ्याला विचारू देत नाही, तो चोर.

'डिजिटल अरेस्ट' हा त्यातला सगळ्यात भयंकर प्रकार. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखा देखावा. कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कुणाशी बोलायचं नाही, चौकशी संपेपर्यंत पैसे 'सरकारी' खात्यात ठेवायचे. निवृत्त अधिकारी आणि डॉक्टर यात आयुष्यभराची पुंजी घालवून बसले आहेत. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये थांबा, विचार करा आणि मग कृती करा असं सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने १ डिसेंबर २०२५ रोजी अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला. इतकं होऊनही आपल्यातल्या कितीजणांच्या घरी हे माहीत आहे? भारताच्या कुठल्याही कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही. व्हिडिओ कॉलवर कुणालाही अटक होत नसते. हे वाक्य आजच घरी फोन करून सांगा.

आकडा हवा असेल तर तोही देतो. सरकारने लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात देशातल्या लोकांनी सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गमावले. आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, हाच आकडा ७,४६५ कोटी होता. वर्षात तिप्पट! इतके सगळे लोक काय मूर्ख आहेत?

आता तुम्ही म्हणाल, मत कळलं, पण ओळखायचं कसं? फसल्यानंतर मी जे शिकलो ते इथे देतो. आधी शिकलो असतो तर बरं झालं असतं!

१) मेलवरचं नाव वाचू नका, पत्ता वाचा. नाव काय, कुणीही काहीही टाकू शकतो. माझ्या मेलमध्ये नाव कंपनीचं होतं, पण '@' च्या पुढचा पत्ता कंपनीच्या नावापुढे आडवी रेघ आणि 'करिअर्स' असा होता. तो कंपनीचा नव्हताच, कुणीतरी काही रुपयांत विकत घेतला होता.

२) लिंक उलटी वाचा. पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या अगदी आधी जे असतं, तोच खरा मालक. 'अमुकबँक डॉट केवायसी-अपडेट डॉट कॉम' ही लिंक अमुक बँकेची नाही, 'केवायसी-अपडेट'वाल्याची आहे. घराच्या दारावर 'कलेक्टर ऑफिस' अशी पाटी लावली म्हणून ते कलेक्टर ऑफिस होत नाही, तसंच हे. बँकांच्या बाबतीत आता एक सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली वेबसाईट 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर न्यायला सांगितलं होतं. हा पत्ता फक्त बँकांनाच मिळतो. तेव्हा शेवट तपासा.

३) कुलपाचं चित्र म्हणजे सुरक्षितता नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की तुमच्या आणि त्या वेबसाईटच्या मधे कुणी चोरून ऐकत नाही. पण समोर बसलेलाच चोर असेल तर? कुलूप त्यालाही फुकटात मिळतं.

४) स्पेलिंगच्या चुका शोधत बसू नका. पूर्वी अशा मेलचं इंग्रजी वाचूनच हसू यायचं. आता एआयच्या कृपेने चोराचं इंग्रजी आपल्यापेक्षा चांगलं असतं, आणि मराठीसुद्धा.

५) व्हॉट्सॲपवर आलेली 'एपीके' फाईल कधीही उघडून इन्स्टॉल करू नका. लग्नपत्रिका, ट्रॅफिक चालान, पीएम किसान, बँकेचं केवायसी अशा नावांनी त्या फिरतात. लग्नपत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. ती इन्स्टॉल कशाला करावी लागेल? असं ॲप तुमचे एसएमएस वाचण्याची परवानगी मागतं, आणि मग ओटीपी तुमच्या आधी त्याला कळतो.

६) पैसे घ्यायला पिन लागत नाही. यूपीआयचा पिन फक्त पैसे द्यायला लागतो. जुनी सायकल किंवा कूलर विकताना समोरचा म्हणाला, "क्यूआर स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील," तर सायकल राहू द्या घरीच.

७) नोकरी देणारा पैसे मागत नाही. डिपॉझिट, ट्रेनिंग फी, इन्शुरन्स, नाव काहीही असो. शंका आली तर टीपीओ सरांना दाखवा. मी दाखवलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं.

८) कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका. तिथे चोरांनी आपले नंबर टाकून ठेवलेले असतात. कार्डच्या मागे, पासबुकवर किंवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये जो नंबर असतो तोच घ्या.

स्टाफसाठी एक वेगळी सूचना, लहान तोंडी मोठा घास समजू नका. कॉलेजांमध्ये एक प्रकार चालतो. प्राचार्यांचा किंवा विभागप्रमुखांचा फोटो लावलेल्या अनोळखी नंबरवरून मेसेज येतो, "मी मीटिंगमध्ये आहे, फोन घेऊ शकत नाही. एक अर्जंट काम कराल का?" काम म्हणजे गिफ्ट कार्ड विकत घेऊन त्यांचे नंबर पाठवणं. ज्युनिअर शिक्षक आणि ऑफिसमधली मंडळी यात सापडतात, कारण सरांना नाही कसं म्हणायचं? इथे उपाय एकच. मोठ्यांनी आधीच जाहीर सांगून ठेवावं की माझ्या नावाने कुणी पैसे मागितले तर मला उलट फोन करा, मला राग येणार नाही. हे साहेबांनी सांगितलं तरच होईल, ज्युनिअरने स्वतःहून विचारायची हिंमत तो करणार नाही.

आता एक नाजूक विषय. तो लिहू की नको असा विचार मी बरेच दिवस केला, पण लिहितोच. होस्टेलमध्ये अधूनमधून कुणीतरी 'स्कीम' घेऊन येतो. "तुझं खातं वापरायला दे. काही करायचं नाही. फक्त एटीएम कार्ड आणि सिम दे, महिन्याला पाच हजार घे." मेसचे पैसे थकलेल्या पोराला पाच हजार मोठेच वाटतात. पण ते खातं कशाला लागतं? माझे १३,७०० ज्या चार-पाच खात्यांमधून पळाले ना, तशी खाती कुणाची असतात? अशाच कुण्या गरजू पोराची. याला 'म्यूल अकाउंट' म्हणतात. म्यूल म्हणजे खेचर, दुसऱ्याचं ओझं वाहणारं. सीरमच्या प्रकरणात पोलिसांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये वेगवेगळ्या राज्यांतून सात जणांना पकडलं, आणि ते होते ज्यांच्या खात्यांत पैसे गेले असे लोक. मुख्य सूत्रधार तेव्हा हाती लागला नव्हता. हे नेहमीचंच गणित आहे. नाव, आधार, फोटो सगळं खातेदाराचं असतं, म्हणून पोलीस आधी त्याच्याच दारात येतात. "मला माहीत नव्हतं" हे वाक्य कोर्टात फार उपयोगी पडत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ डी कलमाखाली तोतयेगिरी करून फसवल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८ आहेच. महिन्याच्या पाच हजारांसाठी पासपोर्ट, प्लेसमेंट, सगळं पणाला. आणि त्याहून मोठी गोष्ट, त्या खात्यातून वाहिलेला पैसा कुणाच्यातरी बापाच्या सोयाबीनचा असतो.

सेवाग्राम आश्रमात आपण पाहुण्यांना नेतोच. तिथे साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा जपून ठेवलेला आहे. आश्रमात साप निघाला की त्याला न मारता पकडून दूर सोडून देत असत. मागे घरच्यांना घेऊन गेलो तेव्हा मी त्या चिमट्यासमोर बराच वेळ उभा राहिलो. साप निघतो म्हणून त्यांनी आश्रम सोडला नाही. तो ओळखायचा कसा, धरायचा कसा, हे शिकून घेतलं, आणि साप निघाला की एकमेकांना हाक मारली असणार. साप दिसल्यावर गप्प बसणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. मग मोबाईलमध्ये साप निघाला की आपण गप्प का बसतो?

फसल्यावर पहिल्या तासात काय करायचं, ते पाठ करा. आधी १९३० ला फोन. मग बँकेला फोन करून कार्ड, यूपीआय बंद करणं. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार. चॅट, मेल, मेसेज काहीही पुसायचं नाही, सगळ्याचे स्क्रीनशॉट. व्यवहाराचा नंबर (यूटीआर) लिहून ठेवायचा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने एक गोष्ट ठरवून दिली होती. चूक ग्राहकाची नसेल आणि बँकेचीही नसेल, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर नुकसान येत नाही. ओटीपी किंवा पिन आपणच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे दोन्हीकडून उत्तर एकच : बोला, लवकर बोला. आणि हो, "तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, फक्त फी भरा" असा फोन नंतर येतोच. मलाही आला. तो दुसरा गळ असतो.

कॉलेजकडे आणि होस्टेलकडे माझ्या मागण्या तीनच आहेत, आणि तिन्ही फुकटच्या आहेत. मेसच्या मेनूच्या बोर्डावर, रोज दिसेल असा, १९३० हा आकडा मोठ्या अक्षरात लिहा. फर्स्ट इयरच्या इंडक्शनमध्ये एक तास यासाठी ठेवा, आणि तो तास फसलेल्यांनाच घेऊ द्या. मी तयार आहे, वॉचमन काकाही तयार आहेत, मी विचारलंय. आणि तिसरी, सगळ्यात अवघड. फसलेल्याला हसायचं नाही, हा होस्टेलचा नियम करा. रॅगिंगविरुद्ध नियम आहे ना? तसाच. कारण आज आपण ज्याला हसतो, तो उद्या दुसऱ्यांदा फसला तर गप्प बसेल, आणि त्याला हसताना ज्यांनी ऐकलं तेही गप्प बसतील.

जाता जाता एक सांगायचं राहिलं. बाबांना मी ते शेवटी फोनवर सांगितलं. वाटलं, ओरडतील. पलीकडे बराच वेळ आवाजच नाही. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाले, "माह्ये बी गेलते बाबू, मागच्या साली. चार हजार. त्या पीएम किसानच्या कायच्यातरी लिंकेत. तुले नाही सांगतलं. म्हटलं पोरगा इंजिनिअर होऊन राह्यला, हसीन आपल्याले."

काय बोलणार? माझा बाप माझ्या हसण्याला भ्यायला होता. आणि मी बापाला. मधल्यामधे चोरांचं फावलं.

त्या रविवारी गावी गेलो. बाबांच्या मोबाईलमधून ते ॲप काढलं, आईच्या आणि त्यांच्या फोनमध्ये १९३० सेव्ह करून दिला. नाव ठेवलं 'चोर आला'. आईला वाचायला सोपं जातं.

दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, असं आपले म्हातारे सांगून गेले. तेव्हा मित्रांनो, फसणं काही नवीन नाही. गप्प बसणं तेवढं सोडू या. कुणाला असा काही मेल आला, फोन आला किंवा पैसे गेलेच, तर रात्री कितीही वाजले असोत, दुसऱ्या मजल्यावर पायऱ्यांजवळची पहिली खोली माझी आहे. दार वाजवा. हसणार नाही, शब्द देतो.